ओल्या कुंडीचा उन्हाळा

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. टाळायचे प्रकार पुष्कळ असतात आणि मला ते सगळे येतात. विषय निघाला की उठून आत जायचं, कुणी हसलं की आपणही थोडं हसायचं, फारच झालं तर पावसापाण्याचं काहीतरी विचारायचं. आमच्या घराण्यात एका झाडाची गंमत सांगतात. लग्नकार्यात, बारशाला, पंगत उठल्यावर बायका पान लावत बसल्या की कुणीतरी ती काढतंच. ती गंमत माझ्या वहिनीवर आहे आणि ती खोटी आहे. खोटी आहे हे फक्त मलाच माहीत आहे, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

परवा निर्मला, म्हणजे माझी बायको, गॅलरीतून म्हणाली, "अहो, ह्या झाडाची पानं लोंबून पडलीत बघा." चैत्र संपत आलाय. शहापुरात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि कोपऱ्यावर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून निळी पिंपं रांगेत बसलेली असतात. मी कुंडीपाशी गेलो, मातीत बोट घातलं. दोन पेरं आत गेलं तरी माती कोरडीच लागली. तांब्याभर पाणी सावकाश घातलं, खालून थेंब बाहेर येईपर्यंत थांबलो आणि कुंडी उन्हातून आत ओढली. दिवेलागणीला पानं पुन्हा उभी होती. मी तिथंच स्टुलावर बसून राहिलो. बोट मातीत घालायला किती वेळ लागतो? त्या उन्हाळ्यात मी तेवढंच केलं नव्हतं.

तो उन्हाळा नव्वद सालानंतरचा. शहापुरातलं आमचं घर तेव्हा नवंकोरं. निर्मला शाळेत शिकवायची. ठाण्याला कसल्याशा शिबिराला गेली होती, तिथून ती हे झाड मांडीवर धरून घेऊन आली. जाड हिरवा दांडा, रुंद पानं आणि पानांवर पिठाचे हात उमटावेत तसे पांढुरके चट्टे. त्याचं इंग्रजी नाव तिला पाठ होतं, मला आजतागायत जमलेलं नाही. आमच्याकडे झाडं अंगणात असत. तुळस, कर्दळ, जास्वंद, मोरीच्या पाण्यावर अळू. घराच्या आत, टीव्हीच्या शेजारी, छपराखाली ठेवायचं झाड हा प्रकारच नवा. येणारे जाणारे त्याला हात लावून ते खरं आहे ना याची खात्री करून घ्यायचे.

वहिनीनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती खळखळून हसली होती.

"अगो निर्मला, ह्यो तर अळूच की! वड्या करतंस का काय ह्याच्या?"

"वड्या नका करू जाऊबाई, घसा सुजेल. हे नुसतं बघायचं असतं."

"नुसता बघायचा?" वहिनी पदर सावरत झाडासमोर उभी राहिली. "आयक रे बाबा. मोठ्या घरी आलास तू. तुला कोनी खानार नाय, आनि तू बी कोनाला खाऊ नको."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या अंगाला. माझी आई गेली तेव्हा मला नीटशी आठवणही धरता येत नव्हती. वहिनी त्या घरात लग्न होऊन आली ती स्वतःच पोरसवदा, आणि आल्या आल्या तिच्या पदरात मी पडलो. मला न्हाऊ घालणं, माझ्या डोक्यातल्या उवा काढणं, मी शाळा चुकवून ओढ्यावर गेलो की शेवरीच्या काठीनं मला हाकत शाळेपर्यंत नेणं, हे सगळं तिनं केलं. पुढे मी मुरबाडला शिकायला राहिलो तेव्हा गावातून कुणीही निघालं तरी त्याच्या हाती तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी यायची. तिला स्वतःला मूल झालं नाही. हे लिहिताना मला जाणवतं की तिच्या हातच्या भाकरीची मी कधी चवसुद्धा मुद्दाम आठवली नव्हती, इतकी ती माझी हक्काची होती.

चारचौघांत ती मला भाऊजी म्हणायची, "तुमी" म्हणायची. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच असलो की मी "रे" असायचो, "तू" असायचो. थोरला भाऊ गेल्यावर मी आणि निर्मलानं तिला शहापूरला आणलं. आणलं म्हणजे कायमचं. जमीन चुलतभावाला अर्ध्या वाट्यानं दिली. वहिनी आली ती घरातले देव घेऊन, नव्या फडक्यात, तांदळाच्या ओंजळीत ठेवलेले. आमच्यात देव हलले की घर हललं असं मानतात. तिनं ते माझ्या घरात मांडले, फूल वाहिलं आणि म्हणाली, "झाला. आता मी काय जात नाय."

आता पाण्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तानसा धरणाचं पाणी आमच्याच मुलखातून मोठ्या नळातून मुंबईला जातं, आणि वैशाखात आमच्या बायका हंडे घेऊन उभ्या असतात, हे काही नवीन नाही. त्यामुळे आमच्याकडे पेल्यात उरलेलं पाणी कुणी फेकत नाही. फेकलं तर घरातलं म्हातारं माणूस ओरडतं. ते तुळशीला जातं, कर्दळीला जातं, भांडी घासायच्या राखेत जातं. आणि आता घरात, अगदी हाताशी, बैठकीच्या खोलीतच एक झाड होतं. पाहुणा आला, अर्धा पेला प्यायला, उरलेला कुंडीत. तांदूळ धुतले, पहिलं पाणी कुंडीत. वहिनीच्या हिशेबी ते अळूच्या जातीचं, आणि अळू तर मोरीच्या चिखलातच माजतो. आम्ही भाताची माणसं. आवणात, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी तुंबलेलं दिसलं की आमचा जीव थंड होतो. पान वाळलं, वाकलं, पडलं, काहीही झालं तरी आमच्याकडे औषध एकच, पाणी.

पण खरं कारण ते नव्हतं. ते मी केलं होतं.

कुंडीच्या तळाला छिद्र होतं. त्यातून पाणी झिरपायचं आणि नव्या मोझेकच्या फरशीवर तांबूस कडं उठायचं. मी ती फरशी स्वतः उभा राहून घासून घेतली होती, तिचा मला कोण अभिमान. एका रविवारी, निर्मला बाजारात गेलेली, मी बाहेर उरलेलं सिमेंट कालवलं, कुंडी आडवी केली आणि गोळा दाबून छिद्र बंद करून टाकलं. फरशी पुसली. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. ताटलीसुद्धा ठेवता आली असती खाली. सुचलं नाही.

त्याच सुमारास मुलीच्या बाळंतपणासाठी निर्मला नाशिकला गेली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "झाड सांभाळा हं." आणि वहिनीकडे बघून, "जाऊबाई, ह्यांना सांभाळा."

आधी खालची पानं पिवळी पडली. मग वरची झुकली. ताठ होती ती भिजल्या फडक्यासारखी दांड्याला लोंबायला लागली. मला वाटलं ऊन लागतंय, तहानलं असेल. मी सकाळी ऑफिसला जाताना गुपचूप तांब्याभर पाणी घालायला लागलो. दुपारी वहिनी घालतच होती. तरी पानं उठेनात. मग वाटलं उजेड कमी पडतोय, म्हणून खिडकीत नेऊन ठेवलं. तिथं पश्चिमेच्या उन्हानं पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मग शेणखत कालवून घातलं. आजाऱ्याला ताप उतरत नाही म्हणून रोज नवा काढा पाजावा तसं चाललं होतं. वहिनी पानावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "ह्याला ह्या घरची सवय नाय झाली रे अजून. होईल."

एका संध्याकाळी ऑफिसातले दोघेतिघे घरी आले. एक जण झाडाकडे बघून म्हणाला, "काय हो, निर्मलावहिनी लेकीकडे गेल्या म्हणून ह्यानं पण मान टाकली का?" सगळे हसले. माझ्या हातून निर्मलाचं झाड मेलं असं त्यांना वाटलेलं मला चालेना. नेमकी त्याच वेळी वहिनी रिकामे पेले उचलायला आली आणि एकातलं उरलेलं पाणी तिनं सवयीनं कुंडीत ओतलं.

मी म्हणालो, "हे बघा. हे असं. अहो, गावाकडचा हात. आवण समजून पाणी तुंबवतात. किती सांगायचं?"

मी तिला एकदाही सांगितलेलं नव्हतं.

"भाताचं रोप काढाल हो ह्याच्यातून!" पाहुणा म्हणाला. पुन्हा हसणं. वहिनीही हसली. पेले तसेच ट्रेमध्ये ठेवून आत गेली. रात्री जेवायला वाढताना आम्ही दोघंच होतो. ती म्हणाली, "भाऊजी, भात घ्या अजून." मी वर बघितलं. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. "तुमी काय खाल्लाच नाय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं कुंडीला हात लावला नाही. पेला घेताना अर्धाच भरून घ्यायची, म्हणजे उरायला नको.

पुढच्या रविवारी शेजाऱ्यांकडे निर्मलाचा फोन आला. नातवाची चौकशी झाली, मग तिनं झाडाचं विचारलं. मी म्हणालो, पानं पडलीत, पाणी देऊन देऊन थकलो. ती शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "आधी माती बघितलीत का? पान पडलं की आधी बोट घालून माती बघायची, मग पाणी. ओली असून पान पडलं असेल तर मुळं सडतायत."

घरी येऊन बोट घातलं. चिखल होता. बोटाला भाद्रपदातल्या खाचरासारखा वास आला. वहिनीनं हात लावणं बंद करूनही माती ओलीच होती. पाणी जाणार कुठून? तेव्हा मला तो सिमेंटचा गोळा आठवला. आधी नाही आठवला, हेही खरंच लिहितो.

वहिनी दुपारची आडवी झाली होती. मी कुंडी मागच्या अंगणात नेली, फोडली. तळाशी काळं पाणी साचलेलं. मुळं काळी, हात लावला की साल सुटून येत होती, आत नुसता दोरा. दांड्याचा खालचा भाग मऊ. सगळं कुजलेलं विळीवर कापत वर वर गेलो, तेव्हा एका जागी दांडा आतून पांढरा, कडक लागला. तिथं थांबलो. कापलेल्या जागेला चुलीची राख लावली, सावलीत सुकू दिलं. मातीची जुनी कुंडी घेतली, छिद्रावर खापरी उपडी ठेवली, वर विटांचे तुकडे, नदीची जाडी वाळू, थोडी माती. त्यात तो दांडा रोवला. फक्त दोन पानं ठेवली. आणि पाणी घातलं नाही. आयुष्यात झाडाला पाणी न घालण्याइतकं कठीण काम मी केलं नव्हतं. हात आपोआप तांब्याकडे जायचा.

त्या झाडाचा चीक अळूसारखाच निघाला. मनगटापर्यंत अशी खाज सुटली की मी मोरीत उभा राहून हात चोळत होतो. वहिनी उठून आली. फडताळातून चिंच काढली, भिजवली, माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन चोळायला लागली, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडेनं. लहानपणी शेवळाची रानभाजी साफ करताना हात खाजले की अशीच चोळायची. हात तेच होते.

"चावला ना अळू? थांबल आता, भाऊजी," ती म्हणाली.

तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. "बरं वाटतंय," एवढंच बाहेर पडलं.

सकाळी ती अंगण झाडत होती. मी खिडकीतून बघितलं. जुन्या कुंडीच्या खापऱ्यांत तिला तळाचा तुकडा सापडला. तिनं तो उचलला, उलटा केला. छिद्राच्या जागी सिमेंट होतं, माझ्या अंगठ्याचा ठसा त्यावर स्पष्ट, आणि कडेला काळी मुळं चिकटलेली. बराच वेळ ती तो हातात धरून उभी होती. मग तिनं तो बाकीच्या कचऱ्यात टाकला, हात झटकले आणि दारातून हाक मारली, "भाऊजी, च्या ठेवू का?"

रोहिण्या लागायच्या आत ती म्हणाली, "गावाला जाते. राब भाजायचा ऱ्हायलाय." राब म्हणजे रोपांसाठी जागा भाजून घेणं. तो आमच्या चुलतभावानं केव्हाच भाजला होता, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. मी म्हणालो, "जाऊन ये." तिनं देव फडक्यात बांधले. निदान तेव्हा तरी मी विचारायला हवं होतं की राब भाजायला देव कशाला लागतात. एस.टी.त बसताना म्हणाली, "झाडाला पालवी फुटल हो. नका काळजी करू."

फुटली. वहिनी गेल्यावर थोड्याच दिवसांनी वरच्या टोकाला पानाची गुंडाळी दिसली, पोपटी, सुईसारखी. रोज थोडी सैल होत होती. निर्मला परत आली तेव्हा ते पान पूर्ण उलगडलं होतं. तिनं विचारलं, काय झालं होतं? मी म्हणालो, "वहिनीनं आवण केलं होतं कुंडीचं. मी वाचवलं." ती पोट धरून हसली. तिच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. पण तिला गोष्ट छान सांगता येते, आणि तिथून ती घराण्याची गंमत झाली. कुणाच्या लग्नात वहिनीला पाहुण्यांना पाणी द्यायला सांगितलं की कुणीतरी म्हणायचं, "नको नको, त्या पाजून पाजून मारतील!" वहिनीच सगळ्यांत मोठ्यानं हसायची. एकदा तर माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी होते म्हनून वाचला."

गावाहून दर वर्षी शेवळं यायची, त्यांची खाज मारणाऱ्या काकडाच्या आंबट फळांसकट, नीट पानांत बांधून. कधी नव्या तांदळाचे पोहे. मी पुढे आजारी पडलो तेव्हा ती स्वतः येऊन राहिली, अंगाला तेल लावलं, पेज भरवली, आणि मी उठून बसलो तशी परत गेली. देव आणले नव्हते. मी ज्या ज्या गोष्टीबद्दल कृतज्ञ आहे त्यांतल्या बहुतेक सगळ्या तिच्या हातून आल्या. त्या झाडाचे तुकडे आज आमच्या नात्यातल्या बऱ्याच घरांत आहेत, मीच लावून दिले. देताना सगळ्यांना सांगतो. खाली छिद्र मोकळं ठेवा. पान पडलं म्हणून लगेच पाणी घालू नका. तहानेनं पडलेलं पान आणि बुडून पडलेलं पान वरून सारखंच दिसतं. माती विचारा. लोक म्हणतात, काका, तुमच्या हाताला गुण आहे.

परवा पानं उभी राहिल्यावर मी निर्मलाला सगळं सांगितलं. ती स्वेटर विणत होती. सुया खाली ठेवल्या.

"तुम्ही बुजवलं होतंत?"

"हो."

"आणि इतकी वर्षं मी चार माणसांत तीच गोष्ट सांगत होते. तिच्या तोंडावर. तुम्ही शेजारी बसून ऐकत होता?"

"हो."

"मला कशाला वापरलंत त्यात?" ती म्हणाली आणि उठून आत गेली. मग दारातून परत आली. "लिहा," म्हणाली. "जेवढ्यांना मी सांगितलं तेवढ्यांना कळू दे." म्हणून लिहितो आहे.

वहिनीला सांगायला मी निघालो नाही असं नाही. म्हसा गावच्या जत्रेत एकदा ती भेटली, घोंगड्यांच्या दुकानांपाशी. थंडी मी म्हणत होती. मी मनाशी ठरवलं, आता. आणि एक घोंगडी घेऊन तिच्या खांद्यावर टाकली. ती खूश झाली, चार बायकांना दाखवत फिरली, "आमच्या भाऊजींनी घेतली." त्या आनंदात मी माझं बोलणं गिळून टाकलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे अधिक वाईट.

शेवटचा तिला भेटलो ते पावसाळ्यात. ती थकली होती, चालताना भिंतीचा आधार घ्यायची. तरी मला सोडायला फाट्यापर्यंत आली. लावणी उरकली होती, दोन्ही बाजूंना खाचरं भरलेली, सिद्धगडावर ढग. आम्ही दगडावर बसलो. बराच वेळ गाडी आली नाही. मुलीचं, नातवाचं, माझ्या रक्तदाबाचं सगळं बोलून झालं. तिनं माझ्याकडे बघितलं. ती वाट बघत होती, असं मला आज वाटतं. गाडीची नव्हे.

वळणावर एस.टी. दिसली. "उठा भाऊजी, जागा मिळल," ती म्हणाली.

मी चढलो. खिडकीतून हात केला. श्रावण सरायच्या आत ती गेल्याचा निरोप आला. फाट्यावर तिला सोडून निघालो त्या दिवशी, गाडी सुटल्यावर मुरबाड येईपर्यंत मी तेच वाक्य मनात म्हणत होतो, शेजारचा माणूस वळून बघेल इतके ओठ हलत होते माझे. वहिनी, झाड माझ्यामुळे मरत होतं. सगळ्यांदेखत तुझ्यावर ढकललं मी, आणि तुला ठाऊक असूनही तू मला सांभाळून घेतलंस. चुकलं माझं. तू घरी चल.